ऑनलाइन चोरटे संबंध: खुणांचा बाजार, आणि तारण कोणाचं?

अर्थाअर्थी (डिचोली)

बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. अपुऱ्या माहितीचा बाजार समजावताना जॉर्ज अकरलॉफने १९७० साली दिलेलं जुन्या गाड्यांचं उदाहरण घ्यावंच लागतं. गाडीत काय बिघाड आहे ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पडता भाव देतो, आणि चांगली गाडी असलेला माणूस बाजारातून उठून जातो. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्सने याचीच दुसरी बाजू मांडली. आपला माल अस्सल आहे हे पटवायचं तर अशी खूण दाखवावी लागते, जी खोट्या माणसाला परवडत नाही. २००१ चं नोबेल या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झबरोबर मिळालं.

हा सिद्धांत सर्वांत उघडा कुठे दिसतो, तर खास विवाहितांना बाहेरचे संबंध जुळवून देणाऱ्या संकेतस्थळांवर. अॅशली मॅडिसन २००२ मध्ये कॅनडात सुरू झालं. ग्लीडन २००९ मध्ये फ्रान्समध्ये निघालं आणि २०१७ पासून भारतात आहे. दोन्हींचा हिशोब एकच: बायकांना फुकट, पुरुषांनी क्रेडिट (मेसेज पाठवायचे टोकन) विकत घेऊन बोलायचं. दोन बाजू असलेल्या बाजारात जी बाजू दुर्मीळ तिला सवलत द्यायची आणि दुसरीकडून वसूल करायचं. यात गैर काही नाही, वर्तमानपत्रंही अशीच चालतात. वाचकाला स्वस्त, जाहिरातदाराला महाग.

पण इथे पुढे काय होतं ते पाहा. पुरुष जास्त, बायका कमी. उत्तर येईल याची खात्री नसल्यामुळे पुरुष तोच मजकूर अनेकींना पाठवतो. तिची पेटी भरून वाहते, खरा कोण आणि खोटा कोण हे कळायला मार्ग नाही, म्हणून ती कोणालाच उत्तर देत नाही. मग तो आणखी क्रेडिट घेतो. कंपनीला पैसे जोडी जुळल्याचे मिळत नाहीत, प्रयत्नाचे मिळतात. जुळलं तर गिऱ्हाईक जातं, न जुळता आशा राहिली तर टिकतं. आता अशा धंद्यात कंपनीने स्वतःच खोट्या बायका उभ्या केल्या तर नवल नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अॅशली मॅडिसनची चोरलेली माहिती बाहेर आली, तेव्हा नेमकं हेच उघड झालं. पुरुषांशी बोलणाऱ्या यंत्रचालित खात्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर होती. सगळ्या माहितीसकट खातं पुसून देतो म्हणून १९ डॉलर घेतले होते, तीही माहिती पुसलेली नव्हती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये १६ लाख डॉलर भरायला लावून ते प्रकरण मिटवलं.

पसंतीबद्दल थोडं. लग्नाच्या बाजारात माणसं काय बघतात यावर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या विवाहविषयक जाहिरातींवरून केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. जातीतलाच जोडीदार मिळावा म्हणून माणसं शिक्षणाच्या आणि रूपाच्या बाबतीत केवढी तडजोड करायला तयार असतात, ते त्यात आकड्यांनिशी दिसतं. अमेरिकेतल्या साध्या डेटिंग संकेतस्थळावरच्या हिच, होर्तासू आणि अॅरिएली यांच्या २०१० च्या अभ्यासात बायकांचं लक्ष पुरुषाच्या मिळकतीकडे जास्त दिसलं.

चोरट्या बाजारात यातलं काय उरतं? जात लागत नाही, कारण मुलंबाळं, सोयरीक, वाटणी काहीच पुढे यायचं नाही. मिळकत सांगता येते, पण पगाराची पावती दाखवता येत नाही. नाव सांगता येत नाही, गाव सांगता येत नाही, चेहरा अर्धा कापलेला. लग्नात ज्या खुणांवर विश्वास बसतो त्या सगळ्या इथे लपवायच्या असतात.

मग विश्वास बसतो कशावर? मला एक उत्तर सुचतंय, पण ते नंतर लिहितो. गोव्यातल्या लोकांचा अनुभव आधी ऐकायचा आहे. नावं, ओळखी कोणी लिहू नयेत.

सातेरी

विषय महत्त्वाचा आहे. एवढंच म्हणते की "बाजार" म्हटलं की पाप पुसलं जातं असं कोणाला वाटू नये. वाचतेय.

अर्थाअर्थी

सातेरीताई, पुसलं जात नाही. किंमत कोण मोजतो ते दिसावं म्हणूनच बाजार म्हणतोय.

पांढरी पाटी (बार्देश)

कळंगुटच्या पट्ट्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. अविवाहित आहे, साधं डेटिंग अॅप वापरते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिथेही लग्न झालेले किती येतात ते सांगते.

आमच्याकडे अॅप उघडलं की निम्मे दिल्ली, बंगळूर, मुंबईचे पर्यटक. त्यांच्या गर्दीत आपले इथलेच विवाहित पुरुष पर्यटक बनून बसतात. "दोन दिवस गोव्यात आहे, संध्याकाळी मोकळा आहे." एकाचा फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. काळा चष्मा, हातात शहाळं, मागे समुद्र, गाडीला टेकून उभा. गाडीच्या पाटीवरचे शेवटचे आकडे पुसलेले, पण पाटी पांढरी आणि सुरुवात जीए-०३. पर्यटकाने भाड्याने घेतलेल्या गाडीची पाटी काळी असते, तिच्यावर पिवळी अक्षरं. पांढरी जीए-०३ म्हणजे म्हापशाच्या आरटीओत नोंदवलेली घरची गाडी. हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. शिवाय अंगठी काढलेली, पण बोटावर तिचा पांढरट पट्टा तसाच.

त्याला पर्यटक का व्हायचं होतं? कारण पर्यटक निघून जातो. मागे लागणार नाही, घरी येणार नाही, बाजारात समोर येणार नाही. मुलींनाही ते सोयीचं वाटतं, हे मी आमच्यातल्याच काही जणींकडून ऐकलंय.

मोरजीचो

+१. पाटीचं तंतोतंत खरं. आणि गोवा केवढासा? २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न "खंयच्या वाड्यावयलो?" आणि त्याच्या पुढचा "कोणालो?". दोन प्रश्नांत माणूस सापडतो. म्हणून खरं नाव कोणी सांगतच नाही.

अर्थाअर्थी

पांढरी पाटी, तुमचा प्रतिसाद वर्गात सांगण्यासारखा आहे. "मी जाणार आहे" ही खूण फुकट आहे, कोणीही म्हणू शकतो. म्हणूनच ती खोटी निघाली. फुकट खुणेला वजन नसतं याचा उलटा पुरावा कोरियातून आहे. तिथल्या एका जोडी जुळवणाऱ्या संकेतस्थळावर सूह्यंग ली आणि म्युरिएल निडर्ले यांनी प्रयोग केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विनंतीबरोबर चित्रातलं गुलाबाचं फूल जोडायची सोय दिली, पण बहुतेकांना दोनच फुलं. एकाला दिलं की दुसऱ्याला देता येत नाही. फूल जोडलेल्या विनंतीला होकार मिळण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. फुलाची किंमत शून्य, पण ते मोजकं होतं म्हणून बोलकं ठरलं.

चोरट्या संकेतस्थळावरची क्रेडिट मोजकी नसतात. पुरुषाचे पैसे जातात खरे, पण त्याने तिच्यासाठी खास काही सोडलं का, हे तिला त्यावरून कळत नाही. पैसा जातो कंपनीला, खूण पोचत नाही कोणालाच.

वास्कोची

मी अशा कुठल्याही साइटवर नाही. नवरा बोटीवर असतो. तरी हा बाजार माझ्या फोनवर चालत आला, म्हणून लिहिते.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून झाल्यावर फेसबुकवर फोटो टाकला. माटोळीला कांगलां, माट्टुलीची फळं, सुपारीचे शिपटे, सगळं मी आणि सासऱ्यांनी मिळून बांधलं होतं. खाली लिहिलं, "यंदाही हे बोटीवरच." रात्री अनोळखी माणसाचा मेसेज: "वहिनी, एकट्याने सगळं करता, कौतुक वाटतं. मीपण लग्नाचा आहे, दोन मुलं आहेत, त्यामुळे माझ्याकडून कसलीच भीती नको."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सभ्य माणूस दिसतो, संसाराचा आहे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. "भीती नको" हे तो कशाबद्दल म्हणत होता? मी कशाला भ्यायची होती? माझ्यासारख्या इतर जणींना विचारलं, तर बऱ्याच जणींना असे मेसेज आलेत, आणि "मीपण लग्नाचा" हे वाक्य जवळपास प्रत्येकात. आम्हाला कोणी निवडलं ते आम्ही एकट्या राहतो म्हणून. ही पसंती. आणि गावात बोट मात्र आमच्याकडे दाखवतात, "घोव बोटीर आसा न्ही".

सातेरी

वास्कोची, खूप बरं केलंत लिहून. नवऱ्याला सांगितलंत का?

वास्कोची

त्याच रात्री तो मेसेज त्यांना पाठवून दिला. पुढच्या बंदराला लागल्यावर त्यांनी फोन केला, तासभर बोललो. त्यांना माझ्यावर नाही, त्या माणसाच्या दोन मुलांबद्दल वाईट वाटलं.

अर्थाअर्थी

माझं उत्तर मी यावरच लिहिणार होतो आणि वास्कोच्या ताईंनी ते पुराव्यासकट समोर ठेवलं.

थॉमस शेलिंगने १९६० मध्ये, आणि पुढे ऑलिव्हर विल्यमसनने १९८३ मध्ये ओलीस ठेवण्याचा विचार मांडला. जिथे कोर्टात जाता येत नाही, करार लिहिता येत नाही, तिथे विश्वास कसा निर्माण होतो? दोघांनीही आपली प्रिय वस्तू एकमेकांच्या हाती दिली की होतो. तू फुटलास तर माझं जाईल, मी फुटले तर तुझं जाईल, म्हणून दोघं गप्प. पूर्वी राजे लोक तह करताना मुलाला दुसऱ्याच्या दरबारी ठेवायचे ते याचसाठी.

"मीपण लग्नाचा, दोन मुलं आहेत" या वाक्याचा अर्थ हाच. पांढऱ्या पाटीचा माणूस म्हणत होता मी निघून जाईन. हा म्हणतोय मी कुठे जाणार नाही, पण माझंही घर आहे, म्हणून तोंड उघडणार नाही. पहिली खूण फुकट, दुसरी महाग. या बाजारात जी एकच खूण खरी चालते ती म्हणजे आपल्याकडे गमावण्यासारखं किती आहे. अविवाहित माणूस इथे संशयास्पद, कारण त्याचं काही अडकलेलं नाही. चांगला संसार, मुलं, गावात नाव, हेच तिथे भाव वाढवतं. लग्न हा अडथळा असेल असं बाहेरून वाटतं, आत ती पात्रता आहे.

आणि माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. ओलीस कोण आहे? त्याची बायको, त्याची मुलं. त्यांना कोणी विचारलं? घर तारण ठेवलं गेलंय आणि घरातल्यांना पत्ता नाही. व्यभिचारात फसवणूक आहे हे सगळे म्हणतात, पण ती फक्त खोटं बोलण्याची नाही. ज्यावर दोघांचा हक्क आहे ते एकट्याने गहाण टाकण्याची आहे.

सही आणि शिक्का (म्हापसा)

वकिली करतो. सरांचा मुद्दा गोव्यात शब्दशः लागू आहे म्हणून लिहितो.

आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू आहे, कौटुंबिक कायद्याचा पाया अजूनही तोच. लग्न नोंदवायला सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं, आधी इराद्याची नोंद आणि हरकतीची मुदत गेल्यावर पक्की नोंद. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता आपोआप समाईक होते. तुझं माझं राहत नाही, अर्धं अर्धं. धर्म कोणताही असो. त्यामुळे स्थावर मालमत्ता एकट्याला विकता येत नाही, दुसऱ्याची संमती लागतेच.

उपनिबंधकाच्या कचेरीत हे रोज दिसतं. दोन-तीनशे चौरस मीटरचा तुकडा असतो, गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असतं, आणि बायको आलेली नसते म्हणून दस्त थांबतो. मग कोणी तिला स्कूटरवरून आणायला जातो. ती येते, पदराला हात पुसत बसते, अंगठा यंत्रावर टेकवते, फोटो निघतो, तेव्हा व्यवहार पुढे सरकतो. भातशेतीच्या पट्टीला तिची सही लागते. सर म्हणतात त्या गहाणाला अख्खा संसार जातो आणि तिथे सही मागणारं कोणी नाही.

जुन्या संहितेची एक उणीवही सांगायला हवी. समाईक मालमत्तेचा कारभार त्या संहितेने नवऱ्याच्या हाती दिला. जमिनीला बायकोची सही, पण खात्यातल्या पैशाला नाही. क्रेडिट, हॉटेल, भेटवस्तू हा खर्च निम्मा तिच्या पैशातून होतो आणि तिला कळतही नाही.

फोंडेकर

बँकेत आहे. खात्री देतो की कळत नाही. या कंपन्या जाहिरातीतच सांगतात की कार्डाच्या विवरणात आमचं नाव दिसणार नाही. माणूस दुकानातल्या खरेदीसारखं काहीतरी वाचतो आणि पुढे जातो. ही गुप्तता हाच त्यांचा माल.

मोकळी वाट

थोडं विरुद्ध लिहितो. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, कारण त्या कलमात बाई ही नवऱ्याची मालमत्ता धरलेली होती. तक्रार करायचा हक्क फक्त तिच्या नवऱ्याला, शिक्षा फक्त दुसऱ्या पुरुषाला. आता तुम्ही तारण, ओलीस असे शब्द वापरून बायकोला पुन्हा वस्तू करताय का? शिवाय बायकाही अशा साइटवर आहेत, स्वतःच्या इच्छेने. लग्नं मोडकळीला आलेली असतात, माणसं एकाकी असतात. त्यांना गुन्हेगार का ठरवायचं?

अर्थाअर्थी

मोकळी वाट, आक्षेप रास्त आहे, नीट उत्तर देतो.

गुन्हेगार कोणालाच म्हणत नाही. ४९७ गेलं ते योग्यच झालं. पण न्यायालयाने गुन्हा काढला, घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार तसाच ठेवला. आणि बायकोला वस्तू मी करत नाहीये, तो मेसेज करतोय. "दोन मुलं आहेत, भीती नको" या वाक्यात मुलांचा वापर झालाच आहे. घरी राहिलेला नवरा असेल आणि बायको त्या साइटवर असेल, तर गहाण टाकलेला तो. माझ्या म्हणण्यात फरक पडत नाही.

मोडलेल्या लग्नाचं म्हणाल तर चित्र सरळ नाही. येल विद्यापीठाच्या रे फेअर यांनी १९७८ मध्ये वेळेच्या वाटणीचं प्रतिमान मांडलं, घर, काम आणि बाहेरचा माणूस यांत माणूस वेळ कसा विभागतो त्याचं. त्यांच्या आकड्यांत लग्नात सुखी नसलेले लोक बाहेर जास्त वेळ देताना दिसले. पण डायलन सेल्टरमन आणि सहकाऱ्यांनी अॅशली मॅडिसनच्याच वापरकर्त्यांना विचारून २०२३ मध्ये जे छापलं, ते वेगळं आहे. तिथले लोक आपल्या जोडीदारावर प्रेम असल्याचं सांगत होते आणि पश्चात्ताप फारसा नव्हता. ओलिसाच्या हिशोबात हे बसतं. संसार मोडलाच असेल तर तारण ठेवायला उरतं काय? टिकलेलं घर असणाऱ्यालाच तिथे पत असते.

म्हणून मला कंपनीचा राग येतो, तोही इथे उघड लिहितो. दोन माणसांनी एकमेकांना ओलीस दिले, पण दोघांची नावं, कार्डं, संभाषणं साठली तिसऱ्याच्या संगणकावर. २०१५ मध्ये ती फुटली तेव्हा घरोघरी धमकीच्या मेल गेल्या, पैसे भर नाहीतर बायकोला सांगतो. ज्या घरातल्यांनी काहीच केलं नव्हतं तेही त्यात भरडले गेले. १९ डॉलरची पावती हातात असूनही.

पांढरी पाटी

आता कळलं मला अविवाहित म्हटल्यावर काही जण लगेच गप्प का होतात. मला वाटायचं लाज वाटते.

हिशेबतपासनीस

याला जोडून एक. ग्रिफिन, क्रूगर आणि मातुराना यांचा २०१९ चा अभ्यास आहे. त्याच फुटलेल्या माहितीतले पैसे भरणारे लोक त्यांनी शिकागोचे पोलीस, आर्थिक सल्लागार, कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी अशा गटांशी ताडून पाहिले. या लोकांत कामातल्या गैरवर्तनाचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं, आणि ज्या कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी त्या यादीत होते तिथे ते दुपटीहून जास्त. घरचा हिशोब आणि कचेरीचा हिशोब वेगळा असतो असं आपण म्हणतो, ते खरं दिसत नाही.

मोकळी वाट

तारणाचा मुद्दा पटला. एकाकीपणाबद्दल मात्र माझं मत कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

वास्कोची

वकील साहेब, माझ्यासारखीने काय बघून ठेवावं? भांडण नाही आमचं, पण नवरा महिनोन्‌महिने बाहेर असतो, कागद कुठे काय ते मला माहीत असायला हवं असं आता वाटतं.

सही आणि शिक्का (म्हापसा)

ताई, भांडण नसतानाच बघायची ही गोष्ट आहे. आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडून लग्नाच्या नोंदीचा दाखला काढा. लग्नाआधी मालमत्तेचा करार झाला होता का ते घरात विचारा, झाला नसेल तर सगळं समाईक. मग घर आणि जमिनीचे उतारे एका फाईलमध्ये.

घरभाडं किंवा धंद्याचं उत्पन्न असेल तर आणखी एक. आपल्याकडच्या समाईक पद्धतीमुळे आयकर कायद्याप्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरतात. विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र तक्ता असतो, त्यात जोडीदाराचं नाव, पॅन आणि तिच्या वाट्याचा आकडा येतो. सीएकडून नवऱ्याच्या विवरणपत्राची प्रत मागून घ्या आणि तुमच्या नावापुढे कोणता आकडा लिहिलाय तो स्वतः वाचा. यजमानांना आधी सांगूनच मागा, बहुतेक तेच सीएला फोन करतील.